बेड चारचा घारा डोळा

माझं पोस्टिंग आलं ते उत्तरेतल्या एका बेस हॉस्पिटलच्या आय वॉर्डात. रँक कॅप्टन, मिलिटरी नर्सिंग. घर तंजावूरचं, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. वॉर्डातला क्रम ठरलेला. सहाला ताप बघायचा, सातला डोळ्यांत थेंब, आठला सर्जनसाहेबांचा राऊंड. लोकांना वाटतं, डोळ्यांचा वॉर्ड म्हणजे मोतीबिंदू. आमच्याकडे फाटलेल्या पापण्या शिवत, तुटलेल्या अश्रुनलिकेत केसाएवढी नळी घालत, आणि डोळा वाचलाच नाही तर तो काढून खोबण राखत. खोबण राखली नाही तर ती आकसते. मग खोटा डोळासुद्धा बसत नाही.

बेड चारला नाईक दत्ताराम राणे, कोकणातला. बेड पाचला सेल्वराज, आमच्या तंजावूरकडच्या पापनाशमचा. दोघं एकाच ट्रकवर. राणे चालवत होता, सेल्वराज शेजारी, आणि चाक सुरुंगावर गेलं. राणेचा डावा डोळा गेला, मांडी मोडली. सेल्वराजचा डावा डोळा वाचवायला आम्ही सहा आठवडे धडपडलो, शेवटी तोही काढावा लागला.

राणे माझ्या तंजावुरी बोलण्याला हसायचा. म्हणायचा, "मॅडम, तुम्ही औषध सांगितलं की वाटतं राजाचं फर्मान आलं." मीही त्याला दोन चमचे कडू औषध जास्त पाजायची धमकी द्यायची.

त्याचे डोळे घारे. तसा तयार डोळा स्टोअरमध्ये नव्हता, बाहेरून मागवला. साहेबांनी बसवून बघितला. राणेने आरसा मागितला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"आता आई ओळखेल," एवढंच बोलला.

पापणीची कड अजून सुजलेली होती, म्हणून डोळा काढून डबीत ठेवला. सोमवारी कायमचा बसवायचा ठरलं.

शनिवारी चौदा वीसला राणे गेला. पायातली गुठळी फुफ्फुसात चढली. चाळीस मिनिटं आम्ही छाती दाबत होतो.

पंधरा तीसला मी त्याच्या सामानाची यादी करायला बसले. न वापरलेला डोळा स्टोअरला परत करायचा नियम होता. डबी उघडली तर रिकामी.

माझा संशय सरळ बेड पाचवर. मी वॉर्डातले सगळे लॉकर उघडायला लावले. उशा, बूट, साबणाच्या डब्यासुद्धा. सेल्वराज एका डोळ्याने बघत होता.

"डोळा तू घेतलास?"

"इल्लै, मॅडम."

नाही म्हणाला, पण नजर भिंतीकडे. आणखी एक गोष्ट मला दिसली. पॅडवर मी चिकटपट्टीच्या तीन फिती लावते, मधली सगळ्यांत शेवटी. त्याची मधली फीत बाकी दोन्हींच्या खाली गेली होती. पण ऑर्डर होती की सात दिवस पॅड उघडायचं नाही, आणि त्याचा डोळा काढून तो तिसराच दिवस होता. मी उघडलं नाही.

सातव्या दिवशी साहेबांनी पॅड काढलं. आत पू. खोबण आकसू नये म्हणून त्यांनी बसवलेली पारदर्शक वाटी तिरकी झालेली.

"पॅड कोणी उघडलं, कॅप्टन?"

"कोणी नाही, सर."

"मग हे काय आहे?"

माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. डोळा हरवला तोही माझ्याच वॉर्डात. पुढे कितीतरी दिवस मी ड्रेसिंग करताना पाठीमागे कोणीतरी उभं असायचं. संशय मानेवर कसा बसतो ते तेव्हा कळलं बघा.

आता मी निवृत्त. तंजावुरातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस जाते. गेल्या मार्गळी महिन्यात, थंडीत, सेल्वराज आला. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. खोबण आकसलेली, खालची पापणी आत वळून पापण्यांचे केस टोचत होते. म्हणाला, खोटा डोळा कधी सांबारात पडतो, कधी बसमध्ये. डॉक्टरअम्मांनी समजावलं की ओठाच्या आतलं अस्तर काढून खोबणीत लावू. आणखी उशीर केला तर कुठलाच डोळा बसणार नाही. तो तयार झाला.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र तो थिएटरच्या दारातच अडला. हातात विभूतीची पितळी डबी. आत काही नेता येत नाही म्हटल्यावर म्हणाला, मग ऑपरेशन नको. माझा जुना संशय जागा झाला.

"काय आहे तिच्यात?"

"विभूती."

"उघडा."

राखेत तो घारा डोळा होता. माझ्याकडेच बघत होता.

"स्टोअरला गेला असता, मॅडम. नंबर घालून दुसऱ्या कुणाला बसवला असता. राणेअण्णाची नजर होती ती. तपासणी चालली तेव्हा पॅडखाली होता. तेवढी एकच जागा तुम्ही उघडणार नव्हता."

ताज्या टाक्यांवर त्याने तो दाबून ठेवला होता. त्यातूनच पू झाला, त्यातूनच खोबण आकसली.

"खुलासा मला द्यावा लागला, सेल्वराज."

"ठाऊक आहे. बोललो असतो तर डोळा गेला असता."

राग आला, खोटं कशाला सांगू? मी डबी मिटली, पदराने पुसली आणि माझ्या पिशवीत घातली.

"माझ्यापाशी राहील. संमतीपत्रावर सही करा."

ऑपरेशन अडीच तास चाललं. पुढे तो ड्रेसिंगला आला की मी आधी फिती मोजायची. तो हसायचा, "आत काही नाही, मॅडम." मी म्हणायची, "तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

काही आठवड्यांनी त्याचा नवा, काळा डोळा नीट बसला. मी डबी परत दिली. त्याने ती उघडून आरशाशेजारी ठेवली आणि सावधान उभा राहिला. माझ्याही टाचा जुळल्या.

त्या शनिवारच्या यादीत मी लिहिलं होतं: कृत्रिम डोळा एक, हरवला. तो कागद आता कुठे असेल कोण जाणे. म्हणून दुरुस्ती इथे करते. नाईक दत्ताराम राणे, ड्रायव्हर, बेड चार. कृत्रिम डोळा एक, घारा. मिळाला. जोडीदाराच्या ताब्यात आहे.