ऐनाच्या खोडावर न बसलेला पतंग

पतंग स्पष्ट उठून दिसला पाहिजे आणि पार्श्वभूमी नैसर्गिक पाहिजे. आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनाचा हा नियम ज्याने केला, त्याला एकदा पतंग शोधायला पाठवला पाहिजे. मांजाचा पतंग नव्हे, दिव्यावर येतो तो. या जीवाचा जन्मभराचा उद्योगच मुळी दिसू नये हा! तपकिरी असला तर सालीला चिकटणार, हिरवा असला तर पानांत घुसणार. माझ्याकडे पतंगांचे ढीगभर फोटो आहेत आणि झाडून सगळे बाथरूमच्या भिंतीवरचे. गेल्या वर्षी परीक्षक म्हणाले, "टाइल्स छान आल्यात तुमच्या." ते फार लागलं मला. यंदा प्रदर्शनात फोटो लावायचाच, असं ठरवून पावसाळा सरता सरता बोईसरची वाट धरली.

नाशिकहून एसटीने जव्हारमार्गे येणार असाल तर पुढची सीट धरा आणि पोटभर खाऊ नका. बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि कधी भरली ते रिक्षावालाच ठरवतो. ट्रायपॉड मांडीवर उभा धरून, ट्रकांच्या धुरळ्यातून कुंभवलीला पोचले तेव्हा माझा अवतार बघण्यासारखा होता.

तिथे माझी मैत्रीण मंजिरी राहते. मूळची साताऱ्याची, नवरा तारापूरच्या एका कारखान्यात. संध्याकाळी कारखान्यांचे दिवे लागले आणि पतंग आले की हो, पण कुठे? चुना फासलेल्या कंपाउंडच्या भिंतीवर. शेजारी चांगली झाडं असताना! मी झुडपांत वाकून शोधत होते तेव्हा वॉचमनने काळजीने विचारलं, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" काय सांगणार, कप्पाळ? शेवटी मंजिरीच वैतागली. नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या लहूभाऊंचं घर सफाळ्याच्या आत, डोंगराच्या अंगाला आहे, तिकडे जा म्हणाली.

सकाळच्या गाडीने सफाळे, पुढे रिक्षा. आत जायचं तर परतीचं आधीच बोलून ठेवा, नाहीतर बसाल रस्त्यावर. लहूभाऊ कामावर गेले होते. त्यांच्या बायकोने, जमनावहिनींनी, घरामागचा ऐन दाखवला. काळंभोर, भेगाळलेलं खोड. त्यावर फिकट पतंग बसला तर काय दिसेल! मी ट्रायपॉड लावून बसले. वहिनी शेजारीच भाताच्या झोडणीसाठी खळं सारवत होत्या, कोपरापर्यंत शेणाने भरलेल्या.

आणि पाचोळ्यातून तो निघाला. नुकताच कोशातून बाहेर आलेला, पांढरं लोकरी अंग, पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. असा पतंग पंख पसरायला उभं काहीतरी शोधतो. समोर अख्खा ऐन होता. हा पठ्ठ्या माझ्या ट्रायपॉडला वळसा घालून गेला आणि वहिनींच्या हातावर चढला.

मी काडी घेऊन धावले. त्याला अलगद खोडावर ठेवू म्हटलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "वला हाय. पडला तं उडायचा नाय."

खरंच होतं ते, आणि ते मलाही माहीत होतं. या वेळी पडला असता तर पंख वाकडे वाळले असते. पण मला खोड हवं होतं हो! काडी तशीच हातात धरून उभी राहिले.

वहिनी हात वर धरून बसून राहिल्या. बादलीतलं शेण घट्ट व्हायला लागलं, चुलीवर भात करपला, कोंबड्या पतंगाकडे बघायला लागल्या. भात मी उतरवला, कोंबड्या मी हाकलल्या आणि मध्ये मध्ये फोटो काढले. पंख हळूहळू उलगडले. फिकट हिरवे, तांबूस कडेचे, खाली लांब शेपट्या, आणि मागे शेणाने काळपट झालेला हात. इतका सुंदर पतंग मी कधी पाहिला नव्हता.

पंख वाळल्यावर म्हटलं, आता तरी खोडावर. पण कोंबड्या होत्याच. वहिनींनी हात उंच करून फांदीला लावला आणि पतंग सरसर पानांत गेला. हिरव्यात हिरवा. मी डोक्याला हात लावून खाली बसले. मग अर्धवट वाळलेलं सारवण आम्ही दोघींनी परत केलं. माझा भाग लगेच ओळखू येत होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिकडे गेलात तर ही चटणी सोडू नका.

घरी येऊन फोटो दिला. परीक्षकांनी तो बराच वेळ पाहिला, अप्रतिम म्हणाले आणि बाद केला. माणसाचा हात नैसर्गिक पार्श्वभूमीत बसत नाही म्हणे. मी भांडले, काही उपयोग झाला नाही. तो फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

फोटो बाद झाला त्या संध्याकाळी लहूभाऊंना फोन लावला, त्यांनी तो वहिनींना दिला. फोटो प्रदर्शनात का घेतला नाही ते मी सांगितलं.

"मंग मी काय कंपनीत बनवलेली हाय का?" वहिनी म्हणाल्या.