चाटून पारखलेलं मडकं

नागपुरातलं एकही मडकं माझ्या साडूंच्या जिभेला अनोळखी नव्हतं, असं मी म्हटलं की बायको डोळे वटारते. पण ते खोटं आहे असं तीही म्हणत नाही. उन्हाळा तोंडावर आला की इतर माणसं मडकं टिचकीनं वाजवून घेतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ ते उचलून सरळ चाटायचा. जीभ चिकटली तर माती सच्छिद्र, नाहीतर मडकं नापास. कुंभारीण एकदा वैतागून म्हणाली, "मास्तर, मडकं घेऊन राहिले का जेवून राहिले?" चाटलेलं प्रत्येक मडकं तिनं त्यांच्या गळ्यात मारलं. ती सगळी प्रताप नगरच्या घरी आणून साडूंनी अंगणात फोडायला घेतली, तेव्हा समोरचे काका कोण गेलं म्हणून खांद्यावर पंचा टाकून धावत आले.

हा सगळा खटाटोप त्यांच्या आईसाठी होता. सावनेरकडच्या गावी म्हशींच्या गोठ्यात वाढलेली म्हातारी, आणि उतारवयात तिला दूध पचेना. धंतोलीच्या डॉक्टरांनी दूध बंद केलं, तशी ती अर्ध्या ताटावरून उठायला लागली. साडू मनातून फार घाबरले होते. दुधातली साखर पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिच्या पोटात उरलं नव्हतं. "मंग पोटाच्या बाहेर पोट बनवू!" साडू म्हणाले. खापऱ्यांच्या चुऱ्यावर ते विकर पक्कं बसवायचं, चुरा काचेच्या नळीत भरायचा आणि वरून दूध सोडायचं. दूध खाली उतरतं, विकर वाहून न जाता जागेवर राहतं.

हे त्यांनी मला एका लग्नात समजावलं. तेव्हा आमच्याकडे बुफे नवा होता. "पंगतीत वाढपी फिरते. इथं वाढपी जागेवर, पाहुणे सरकते. विकर म्हणजे वाढपी, दूध म्हणजे पाहुणे!" एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! पाहुणे भरभर सरकले तर विकराला वेळ मिळत नाही, हे दाखवायला ते जिलबीपाशी आडवे उभे राहिले आणि "हळू, हळू" म्हणत त्यांनी अख्खी रांग रोखून धरली. शेवटी मुलीच्या बापानं हात जोडले.

नळीतून पहिलं दूध उतरलं त्या दिवशी मी तिथंच होतो. साडूंनी पेला आईपुढे धरला. तिनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे.

"हे तू चाटलेल्या मडक्यातलं ना?"

"आई, ॲसिडनं धुतलं त्याले. भट्टीत तापवलं."

"उष्टं काय ॲसिडनं जाते? मले नाही पाहिजे."

पेला मांजराला गेला. साडूंचा इतका पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मग ते एकदम भडकून म्हणाले, "मंग तूच चाट!"

"चाल," म्हातारी म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

सायकलरिक्षातून उतरून तिनं पहिलंच मडकं जिभेला लावलं. "हे नाही चिकटत रे," ती म्हणाली आणि दुसरं उचललं. कुंभारीण कपाळाला हात लावून खालीच बसली. "बाप्पा! हे तं खानदानीच आहे!"

आईच्या पसंतीच्या मडक्याचा चुरा नळीत गेला. यावेळी तिनं एक घोट घेतला, मग दुसरा, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साखर काहून टाकली रे?"

साखर कोणी टाकलीच नव्हती. दुधातली साखर फुटली की दूध जास्त गोड लागतं; साडू इतके दिवस नेमका हाच प्रश्न ऐकायला थांबले होते. पण लग्नाची रांग अडवणारा तो माणूस आता नुसता चष्मा पुसत राहिला. म्हातारीनं पेला रिकामा केला आणि त्या रात्री ती पूर्ण जेवली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. विकर दमतं, तेव्हा साडू नवं बसवतात. खापऱ्या मात्र त्याच आहेत. त्यांच्याकडे गेलं की त्या दुधाचा चहा येतो, साखर कमी असूनही गोड. कप पुढे करताना ते अजून मिस्कीलपणे विचारतात, "आईचं उष्टं आहे. चालते ना?"

मी कप रिकामा करतो आणि पुन्हा पुढे धरतो.