वायरमनची येळवस

माकणीच्या हरिबाला वीज कंपनीत वायरमन होऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आसपासच्या तीन गावांतला एकेक खांब त्याला पाठ झाला. कुठली तार सैल आहे, कुठल्या डीपीचा फ्यूज सारखा जातो, हे तो झोपेतही सांगेल. माणूस गुणी, पण एक खोड होती. आपण गेल्याशिवाय गावाचं पान हलत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. गावानंही त्याला कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही, कारण त्यात गावाचीच सोय होती.

येळवशीला तर त्याची फारच पंचाईत व्हायची. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, घरच्या कर्त्यानं आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर न् मडक्यातलं गार आंबील. दुसऱ्याच्या रानातून बोलावणं आलं तर घासभर का होईना खायचंच, नाही म्हणायची रीत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं हरिबाचा फोन सकाळपासून वाजायचा. "हरीभाऊ, भज्जी खायला या की. आन् येताच हाव तर आमच्या मोटारीचा स्टार्टर बघा जरा."

असे आठ-दहा स्टार्टर आणि तेवढ्याच भज्ज्या उरकून हरिबा दिवस मावळताना स्वतःच्या रानात पोचायचा, तो पोटाला तड लागून. बायकोनं, अयोध्यानं, पहाटे उठून रांधलेली भज्जी तो नुसती हुंगायचा. अयोध्या बिचारी कधी बोलली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. पण ती दर वर्षी बोलायची.

यंदा तिचा सूर वेगळा होता. शेताची फेरी आजवर हरिबाचे वडील कोंडीरामआबा मारायचे, पण दिवाळीपासून त्यांचा गुडघा धरला होता.

"आबा म्हणत्यात, काठी घिऊन म्याच फेरी मारतो," ती म्हणाली. "बांधावर पडले तर कोण उचलणार? तुमी बाराच्या आत रानात पायजेत. न्हायतर ते काय ऐकायचे न्हायत."

हरिबाला ते लागलं. त्यानं रीतसर रजा टाकली आणि फोन करील त्याला एकच सांगितलं, "औंदा म्या माझ्या रानात हाय. तुमीच या जेवायला." लोक खरोखरच आले. येताना गाऱ्हाणी घेऊन आले आणि अयोध्याच्या हातची भज्जी खाऊन गाऱ्हाणी तिथंच विसरून गेले. भरल्या पोटी स्टार्टर कोणाला आठवतो?

साडेअकराला धरणाकडं रान असलेल्या सिदूचा फोन आला. तो मात्र जेवणाचा नव्हता. धरणाच्या वाटेवर, सिदूच्या कोपीजवळ, तार तुटून पडली होती आणि त्याच वाटेनं बायाबापड्या डोक्यावर पाट्या घेऊन रानाकडं निघाल्या होत्या.

हरिबानं मोटारसायकलला किल्ली लावलीसुद्धा. आबांनी आंबिलाचा तांब्या जवळ ओढला आणि काठीला धरून उठायला लागले.

"जा तू. जिवाचं काम हाय. म्या मारतो फेरी."

आबांच्या बोलण्यात जराही राग नव्हता, म्हणूनच हरिबाचा पाय किकवरून खाली आला. तो तिथंच उभा राहून विचार करू लागला. आज गिरणी बंद, मोटारी बंद, घराला कुलपं. मग वीज पाहिजे कुणाला? त्यानं सबस्टेशनच्या योगीराजला फोन लावला.

"धरणाकडच्या लायनीचा फीडर बंद कर. म्या चारला तार जोडतो. म्या सांगितल्याबिगर चालू करू नगंस."

"लोक बोंबलतील की हरीभाऊ."

"बोंबलायला घरी हाय कोण?"

योगीराजनं फीडर बंद झाल्याचं उलट फोन करून कळवलं. तरीही हरिबानं सिदूला वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून नजर ठेवायला सांगितलं आणि मगच आबांच्या हातातून तांब्या घेतला. तेवढ्यात कुणाची तक्रार येते का, म्हणून तो फोनकडं बघत होता. एकही आली नाही. आपल्यावाचून आणि विजेवाचून गाव खुशाल जेवत बसलंय, याचं त्याला आधी थोडं वाईट वाटलं. मग फार हलकं वाटलं.

ज्वारी छातीएवढी झाली होती. कडुनिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत, "ओलगेऽ ओलगे, सालम पलगे" अशी येळवशीची ठरलेली हाळी देत तो कडेकडेनं निघाला. वरच्या कोपऱ्यापर्यंत ठीक चाललं. तिथून दोन बांध दोन अंगांना जात होते. हरिबा एकावरून थोडा पुढं गेला आणि थबकला. या टोकाला तो नोकरी लागल्यापासून आलाच नव्हता.

"आबाऽ, आपला बांध कंचा?"

जमलेली मंडळी खो खो हसली. आबा कोपीच्या दारातून ओरडले, "तीन गावचे खांब पाठ हायत, आन् बाच्या रानाचा बांध ठावं न्हाय व्हय रं? शिंपलास तो शेजारच्या लक्ष्मीबाईचा. असू दे, तिचंबी पिकू दे. आता मागं फीर, बोरीच्या अंगानं वळ."

हरिबाचे कान तापले. बाप बसल्या जागेवरून वाट सांगत होता आणि चव्वेचाळीस वर्षांचा लेक लहान पोरासारखा वळत होता. लाज वाटली, पण त्याला सुखही तेवढंच वाटलं.

फेरी पुरी करून तो पानावर बसला. अयोध्यानं वाढलेली भज्जी त्यानं दोनदा मागून घेतली. आबा त्याच्याकडं बघत होते.

"कोपऱ्यावरचा एकच बांध दावलाय तुला," ते म्हणाले. "जेवण झालं की तुझ्या खांद्याला धरून हद्दीचा एकेक दगुड दावतो."

"सावकाश दावा आबा," हरिबा म्हणाला. "चार वाजेपत्तर म्या तुमचाच हाय."