जाळ्यातले सात शनिवार

नाशिकहून पालघरची एसटी सकाळी सहाला सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक निबंध आणि गुडघ्याचे मलम होते. आमची मानसोपचारतज्ज्ञांची छोटीशी संस्था शिकाऊ डॉक्टरांसाठी दरवर्षी निबंधाचे पारितोषिक देते. व्यसनमुक्तीच्या कामाकडे तरुण मुले फिरकत नाहीत, त्यांनी फिरकावे हा हेतू. परीक्षक मी आणि नियमही माझेच. अर्जाच्या शेवटी ‘उपचाराचा परिणाम : यशस्वी / अयशस्वी’ असे दोन चौकोन आहेत, तीही माझीच करामत. अंतिम फेरीतल्या निबंधाच्या रुग्णाला, त्याची हरकत नसेल तर, परीक्षकाने स्वतः जाऊन भेटावे, हा नियम केला तेव्हा माझे गुडघे धड होते.

जव्हारला चहा बरा मिळाला. पालघरला गाडी बदलून बोईसरला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रिक्षावाल्याला म्हटले, व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात चल. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिले आणि सरावलीच्या चाळींजवळ गाडी हळू करून म्हणाला, “अंकल, छूट जाएगी. मेरे भाई की भी छूटी. बस डॉक्टर मैडम से झूठ मत बोलना.” मी मान डोलावली. या वयात कोणाकोणाचा गैरसमज दूर करत बसायचे?

ती मॅडम म्हणजेच माझ्या पिशवीतल्या निबंधाची लेखिका, डॉ. सायली. मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुलगी काही महिन्यांसाठी इकडे नेमणुकीवर आली होती आणि शनिवारची ओपीडी चालवत होती. तिचा निबंध एका मच्छीमारावर होता. त्याला इथे हरेश्वर म्हणू, आणि गावाचे नावही मी मुद्दाम देत नाही. दारू सोडताना हात थरथरतात, ती थरथर मोजायला सायलीने त्याचे जाळेच वापरले होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा तो नवे जाळे विणत बसतो. दर शनिवारी ओपीडीला निघण्यापूर्वी, काम जिथवर आले असेल तिथे त्याने लाल चिंधी बांधायची. पहिल्या चिंधीपर्यंत जाळ्याची घरे वेडीवाकडी, लहानमोठी होती. सातव्या चिंधीला ती फूटपट्टीने आखल्यासारखी झाली. सोबत छायाचित्रे होती आणि शेवटी ‘यशस्वी’वर ठसठशीत खूण.

दुपारी आम्ही दोघे त्याच्या गावी गेलो. समुद्र गढूळ होता आणि होड्या ताडपत्रीखाली निजल्या होत्या. हरेश्वर पन्नाशीचा, रुंद हातांचा माणूस. त्याची बायको सायलीला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. पडवीत जाळे खुंटीवर टांगलेले होते आणि सात चिंध्या छान ओळीत दिसत होत्या. उरलेले जाळे गोणपाटाखाली गुंडाळून ठेवले होते. परीक्षकाला शेवटचे पान उलटून बघायची खोड असते. मी गोणपाट उचलले.

सातव्या चिंधीच्या पुढे हातभर जाळे सरळ होते. मग घरे पुन्हा वेडीवाकडी झाली होती, आणि त्यापुढे हळूहळू पुन्हा सरळ. त्या भागात एकही चिंधी नव्हती.

“यानंतर शनिवारी गेला नाहीत?” मी विचारले.

“दोन शनिवार नाय गेलो. काम हाय म्हून सांगितलं.”

“मग एवढा भाग उसवून टाकायचा होता.”

“विणलेलं कसं उसवनार, सायेब? मासा त्यात बी अडकतो.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “डाक्टर बायना सांगू नका. तुमी नंबर द्यायला आलाव ना? मी परत घेतली हे कललं त त्यांचं बक्षीस जाईल. माजं ऱ्हाऊ दे, त्यांचं त होऊ दे.”

मला शरम वाटली. रुग्णावर आपल्याशी खोटे बोलायची वेळ येऊ देऊ नका, असे मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. इथे माझ्या दोन चौकोनांनी एका माणसाला त्याच्या डॉक्टरपासून तोडले होते. मी म्हटले, “हरेश्वर, बक्षिसाचं मी बघतो. तिच्यापासून हे झाकू नका.”

मग त्याने स्वतःच उठून सगळे जाळे खुंटीवर पसरले.

सायली ताटे घेऊन बाहेर आली. तांदळाची भाकरी होती आणि सोड्यांचे (सुकवलेल्या कोळंबीचे) कालवण. तिने ताटे खाली ठेवली आणि सातव्या चिंधीपासून पुढे बोट फिरवत गेली.

“कधी, काका?”

“होडी रंगवायला काढली त्या दिशी. सगले बसले, मी बी बसलो.”

“किती दिवस?”

“चार.”

“मग कोणी थांबवली?”

“कोन थांबवनार? मीच.”

“मला का नाही सांगितलंत?”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी भाकरीकडे पाहिले. सायली काय समजायचे ते समजली.

“शनिवारी या,” एवढेच ती म्हणाली आणि जेवायला बसली. कालवण झणझणीत होते, आणि डोळ्यांतल्या पाण्याला ते कारण सगळ्यांनाच सोयीचे झाले.

परतताना रिक्षात तिने हात पुढे केला. “सर, माझा अर्ज परत द्या. खूण चुकली आहे.”

“पारितोषिक जाऊ शकतं.”

“हो.” सालवड गाव आल्यावर ती म्हणाली, “घरी सांगून बसलेय, मिळेल म्हणून. या विषयात काही राम नाही असं बाबांना वाटतं.”

मी अर्ज दिला.

नाशिकला पोहोचल्यावर आधी पुढच्या वर्षीच्या अर्जातले ते दोन चौकोन काढून टाकले. त्यांच्या जागी काय घालावे ते मात्र कळेना. इतकी वर्षे हा विषय शिकवून तेवढेही येऊ नये याचे वाईट वाटले.

पुढच्या आठवड्यात सायलीचा अर्ज टपालाने आला. तो वाचून मी पहिल्या क्रमांकासमोर तिचे नाव लिहिले. तिने दोन्ही चौकोनांवर काट मारली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते, ‘शनिवारी आला.’