महादेवाच्या वळूचं रक्त

नांदेडला उतरले तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा थर्माकोलचा डबाच जड होता. आत बर्फ आणि काचेच्या रिकाम्या नळ्या. गुरांच्या वाणांचा अभ्यास हे माझं काम. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या दोन जातींची अस्सल जनावरं शोधून त्यांचं रक्त पुण्याला न्यायचं होतं.

आधी लोहा तालुक्याकडे गेले. कंधारी गाई काजळ घातल्यासारख्या डोळ्यांनी बघतात आणि बघता बघता लाथ मारतात. एकीने माझा डबाच उडवला, सगळा बर्फ सलवारीवर! आखाड्यावरच्या (शेतातल्या गोठ्यावरच्या) लोकांना हसू आवरेना. मग त्यांनीच गाई धरून मला रक्त घेऊ दिलं आणि धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, पातळ भाकऱ्या) आणि घट्ट दही पुढे केलं. रागावायचं माझ्या मनातच राहून गेलं.

लातूरला एसटीतून उतरले तर रिक्षावाल्याने विचारलं, "पोरगं कोणत्या क्लासला हाय?"

"पोरगं नाही. का?"

"न्हाई, डब्यात लाडू दिसायलेत म्हणून इचारलं."

त्याचं काय चुकलं? गावभर क्लासच्या पाट्या आणि लॉजच्या खोल्याही पोरांनी भरलेल्या. डब्यात गुरांचं रक्त आहे म्हटल्यावर मात्र त्याने मुक्कामापर्यंत रिक्षा सुसाट सोडली. बर्फ शेवटी एका मेसवालीने दिला आणि डबा तिच्या ताकाच्या घागरीशेजारी ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी जीपने भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावी गेले. सरळ रस्ते, एकाच साच्यातली घरं. या घरांमधून एक देवणी वळू पाटलासारखा हिंडत होता. पांढराशुभ्र, तोंडाच्या बाजू काळ्या. इतका अस्सल वळू मी पूर्वी पाहिला नव्हता. पण गावातल्या काही गाई गाभ टाकत होत्या आणि हा रोग वळूमुळे पसरतो, असा तिथल्या गुरांच्या डॉक्टरांना संशय होता. रक्तात रोग निघाला तर त्याला जन्मभर कळपापासून तोडून कोंडावं लागणार होतं.

विचारायचं कुणाला? त्याला मालकच नव्हता. गेलेल्या माणसाच्या नावाने वळू महादेवाला सोडायची इथली रीत आहे. मांडीवर त्रिशूळाचा डाग देतात. मग ना वेसण, ना दावं. हा सोडला होता शेवंताबाईंनी, भूकंपात गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, दिगूच्या नावाने.

देवळापुढे माणसं जमली. एक म्हातारेबुवा ठाम होते. "देवाच्या जनावराला लोखंड लावायचं न्हाई."

"डाग काय लाकडानं दिला होता का?" शेवंताबाई म्हणाल्या. सगळे हसले, म्हातारेबुवासुद्धा. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन् रोग निघाला तर, मॅडम?"

"कोंडावं लागेल, मावशी."

त्यांनी वळूकडे एकदा पाहिलं. मला उगीच आले असं वाटायला लागलं.

"दुसऱ्याच्या गाई गाभ टाकायल्यात. घ्या."

पण घेणार कसं? वेसण नसलेल्या त्या धुडाला धरणार कोण? शेवंताबाईंनी भाकरी आणि गुळाचा खडा आणला आणि त्याच्या गळ्याखालची पोळी (लोंबणारी कातडी) खाजवायला लागल्या. त्याने डोळे मिटून मान लांब केली. त्या काहीबाही पुटपुटत होत्या. मी मानेच्या शिरेतून नळ्या भरून घेतल्या, त्याने शेपूटही हलवली नाही.

जेवायला येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आमटी होती. मी ती दोनदा मागून घेतली.

पुण्यात तपासणी झाली. वळू साफ होता! प्रयोगशाळेत मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. गावातल्या एसटीडीवाल्याला फोन केला, त्याने शेवंताबाईंना बोलावून आणलं.

"मावशी, तुमच्या वळूला काही नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आता त्याचं रक्त परत आणून द्या."

मी गडबडले. थोडं ठेवून घेते म्हणाले. हा वाण टिकवायचा तर पुढे अभ्यासाला लागेल.

"वाण टिकंल?"

"त्यासाठीच."

"हाव, मग ठेवा. पण गारठ्यात नका ठेवू. दिगूला थंडी सोसायची न्हाई."

बरं म्हणाले. या प्रवासातून मी बरंच घेऊन आले होते: दह्याची चव, डब्यावरची लोह्याच्या लाथेची खूण, आणि कुणी तरी विश्वासाने हवाली केलेलं एका जनावराचं रक्त. रक्त टिकायचं तर ते थंडीतच ठेवावं लागतं. त्या नळ्या फ्रीझरमध्ये गेल्या. फक्त ठेवण्याआधी मी त्या कापसात गुंडाळल्या.