मॉरिशसला जायचं होतं, पोटॅशियम आडवं आलं

"तुम्ही चालत आलात इथपर्यंत?" नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टमधून मान वर करून विचारलं. मी म्हटलं, सौंसरहून बसनं आले आणि पुढे ऑटोनं. त्यांनी ईसीजीची पट्टी पुन्हा पाहिली आणि सिस्टरला व्हीलचेअर आणायला सांगितलं. मला वाटलं, दुसऱ्या कोणासाठी असेल.

मला हायपरकॅलेमिया झाला होता. म्हणजे रक्तात पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढणं. हा क्षार शरीराला लागतोच, पण जास्त झाला की हृदयाचे ठोके बिघडवतो. जास्तीचा बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि माझी किडनी जुन्या ब्लडप्रेशरनं दमून गेली होती. याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. मला पत्ताच नव्हता. पाय जड पडतात, जिना चढवत नाही, म्हणजे वय झालं, असं मी धरून चालले होते.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पडेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घाबरा, पण बेतानं.

माझं घाबरणं मात्र वेगळंच होतं. मरणाची भीती वाटायच्या आधी मनात आलं, आता मॉरिशस गेलं.

ते सांगायलाच हवं. मी सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, हे जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, आणि स्वतः समुद्र पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, सहलीच्या ग्रुपबरोबर मॉरिशसला. तिथल्या एका खेड्यात बसमधून उतरले आणि मनात म्हटलं, इथं राहायचं. आमचे हे वीज खात्यात होते, बरीच वर्षं पांढुर्ण्याला. त्यांना समुद्राचं काही कौतुक नाही. तरी माझ्या हट्टापायी त्यांनी सगळी चौकशी केली. दोघांची पेन्शन आणि रामाकोन्याच्या आमच्या बगीच्याच्या ठेक्याचे पैसे मिळून काटकसरीनं निभणार होतं. दोन खोल्यांचं घरही ठरलं होतं.

गल्लीत हसू झालं ते वेगळं. शेजारच्या शीलाताई तोंडावर म्हणाल्या, "लोकं म्हातारपनी काशीले जाते, अन् तुमी मॉरिशसले चालले. तिथं कोन पुसन तुमाले?" मी म्हटलं, काशीला तरी कोण पुसतंय.

तर, ॲडमिट झाले. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, ते हृदयाला सांभाळायला. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र. मी म्हटलं, मॅडम, मला शुगर नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं. तात्पुरता बंदोबस्त आहे." वर एक पावडर पाण्यातून, चवीला ओल्या मातीसारखी. हे उशाशी बसून मॉनिटरकडे बघत. वीज खात्यातला माणूस, लाईन वरखाली झाली की उठून उभा राहायचा. सिस्टर त्यांना सारखी खाली बसवायची.

दवाखान्याच्या जेवणावर माझं पोटॅशियम गुणी बाळासारखं खाली आलं. ब्लडप्रेशरची गोळी बदलली, पथ्य सांगितलं: केळी नको, नारळपाणी नको, टोमॅटो कमी, भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं. मॅडमनी विचारलं, "फळं खाता का?" आम्ही दोघांनी एकदम सांगितलं, नाही. घरी आलो.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम पुन्हा वर. पुन्हा ॲडमिट, पुन्हा तीच पावडर, पुन्हा खाली. घरी आले की वर. मॅडमनी सोनोग्राफी करून घेतली, औषधांची एकेक पट्टी उलटून पाहिली, पुन्हा विचारलं, "फळं?" आम्ही पुन्हा नाही म्हणालो. मग त्या हळूच म्हणाल्या, "किडनी आपल्या अंदाजापेक्षा जास्त खराब असेल. असंच राहिलं तर डायलिसिसची तयारी ठेवावी लागेल." डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घेणं, आठवड्यातून दोन-तीनदा. "परदेशात राहायला जायचं मात्र विसरा. फिटनेस सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. शाळेत कडक बाई म्हणून माझा लौकिक, आणि इथं पदर भिजला. ह्यांना म्हटलं, घरमालकाला कळवून टाका, येत नाही म्हणून. मला वाटलं, ह्यांना सुटल्यासारखं होईल. तर म्हणाले, "काहून कळवू? म्या अजून नाही म्हटलं का?" इतक्या वर्षांत इतकं गोड वाक्य ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या खेपेला नागपूरला जाताना ह्यांनी एक जड पिशवी उचलली. मॅडमनी एवढी मेहनत घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं? केबिनमध्ये शिरल्याबरोबर पिशवी टेबलावर ठेवली. "मॅडम, हे आपल्या रामाकोन्याच्या बगीच्यातले. पातळ सालीचे हायेत. घरी घेऊन जा."

मॅडमनी संत्र्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ह्यांच्याकडे. "यांना रोज किती देता?"

"मोजून कोन देते बाप्पा," हे अभिमानानं म्हणाले. "सकाळी दोन-तीन सोलून देतो. दुपारी रस. पाव्हणे आले का त्यांच्यासंग अजून."

"मी दोन्ही वेळेला विचारलं होतं, फळं खाता का."

"फळ कुठं खाते ते? केळं नाही, सफरचंद नाही. संत्रं तं घरचं हाय न."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाहेरची सिस्टर दार उघडून बघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली माणसं, एवढं कळू नये? पण सौंसरला राहून पाहा, सगळा संत्र्यांचा मुलूख. आमच्याकडे फळ म्हणजे जे दुकानातून विकत आणतात ते. संत्रं पाण्याच्या तांब्यासारखं घरात असतंच. त्यात आजारी माणसाला भेटायला येणारा आपल्या बगीच्याची संत्री घेऊन येतो, स्वतः सोलतो आणि समोर बसून खाऊ घालतो. नाही म्हटलं की विचारतो, "आमचं आंबट हाय का?" मी दवाखान्यातून आले की अख्खी गल्ली लोटायची. मोहगावची नणंद तर टोपलीच घेऊन आली होती. जितकी माया, तितकं पोटॅशियम. आणि दवाखान्यात भेटायला येणारं कोणी नाही, म्हणून तिथं मी बरी व्हायचे.

घरी येऊन शीलाताईंना सांगितलं. त्या गालाला हात लावून बसल्या. "म्हनजे आमीच मारून राहिलो होतो तुमाले?" मग त्यांनीच पुढाकार घेतला. दाराशी उभ्या राहून येणाऱ्याची पिशवी काढून घ्यायच्या आणि त्याला रिकाम्या हातानं आत सोडायच्या. लोक कानकोंडे व्हायचे. मला बिचाऱ्यांची दया यायची आणि हसूही.

पोटॅशियम उतरलं ते उतरलंच. मॅडमनी दोन महिने वाट पाहिली, रक्त तपासत राहिल्या, आणि मग सही केली. म्हणाल्या, "किडनी नवी झालेली नाही, लक्षात ठेवा. दर महिन्याला तपासणी, गोळी चुकवायची नाही. बाकी, समुद्रात पोटॅशियम फार नसतं. जा."

माझ्यासारख्यांना एवढंच सांगते. संत्रं वाईट नाही, निरोगी माणसानं खुशाल खावं. पण किडनीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना सगळं सांगा. जे तुम्ही खाण्यात धरतच नाही, ते आधी सांगा. ज्या मॅडमनी तीच गोष्ट न कंटाळता दोनदा विचारली आणि तिसऱ्यांदा हसून पोटात घातली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता आम्ही इथं आहोत. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. गाडी नाही, बसनं फिरतो. बाजारात पडवळ आणि दोडका मिळतो, दोन्ही मला चालतात. पेन्शन महिनाअखेरीला घामाघूम होते, पण पोचते. संध्याकाळी मी पाण्यात पाय घालून बसते आणि हे काठावर चपला सांभाळत बसतात.

परवा इथल्या दवाखान्यात महिन्याची तपासणी होती. रक्त घेणाऱ्या मुलीनं मोडक्या हिंदीत विचारलं, फिरायला आलात का, परत कधी जाणार? मी उत्तर देणार तेवढ्यात हे पुढे सरकून म्हणाले, "नहीं बेटा, हम यहीं रहते हैं." सुई कधी टोचली, मला कळलंच नाही.