दिपिकाचा सर्व्हर आणि बांधाची खांड

धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली दिपिका रोज पेणहून सकाळच्या गाडीने रोह्याला जायची. तिथल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये ती कामाला होती. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर तीन महिन्यांचा क्लास. पण एखादी गोष्ट मनात आली की तडीस नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा बांध आहे. उधाणात तो फुटला की खांड गेली म्हणतात. ही खबर व्हॉट्सॲपवर यायची आणि सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जायची. म्हणून दिपिकाने चार गावांसाठी एक वेबसाइट केली. वर भरतीच्या वेळा, खाली खांडीचा फोटो आणि जागा. फोटो टाकला की ठरलेल्या माणसांच्या फोनवर लगेच निरोप जाई.

वेबसाइट ठेवायला सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवर सतत चालू असणारा कॉम्प्युटर, भाड्याने लागतो. तो कुठला घ्यावा, हे तिने कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुजयला विचारलं.

"ताई, मॅनेज्ड सर्व्हर घ्या," तो म्हणाला. "अपडेट, बॅकअप, सुरक्षा, सगळं तेच बघतात. अनमॅनेज्ड म्हणजे नुसता कोरा सर्व्हर. बिघडला की तुम्हीच निस्तरायचं."

"मग मी शिकणार कधी?" म्हणत तिने अनमॅनेज्ड घेतला.

तीन रविवार ती खुर्चीतून हलली नाही. वेबसाइट उघडली तेव्हा घरभर सगळ्यांना दाखवत फिरली. मग लावणी आली, आणि सर्व्हरकडे बघायचं राहून गेलं. तो आपल्या कामाच्या नोंदी स्वतःच लिहीत राहतो आणि त्या वेळोवेळी पुसून टाकाव्या लागतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. नोंदींनी सर्व्हरवरची जागा भरली, वेबसाइट बंद पडली.

नेमकी अमावास्या होती. भर दुपारच्या उधाणात गावातल्या पुंडलिककाकांना बांधावर खांड दिसली. वेबसाइट उघडेना. रेंज नसेल म्हणून काका अर्धा तास बांधावर फोन उंच धरून फिरले. मग दिपिकाला फोन लावला. पण कंपनीत फोन गेटवर ठेवावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत तिला आठ मिस्ड कॉल दिसले. तिने एकेकाला फोन करून माणसं धाडली. तोवर बांधालगतच्या जनीकाकीच्या भातात पाणी शिरलं होतं.

घरी न जाता ती तडक काकीकडे गेली. "माझीच चूक," ती म्हणाली.

"पानी बांधातून आलं गो, तुज्या कंप्यूटरातून नाय," काकी म्हणाली. "पन मानसं त्याच्या भरवशावर ऱ्हायली. चालवायचं तर नीट चालव."

दिपिकाने त्या आठवड्यातच वेबसाइट मॅनेज्ड सर्व्हरवर हलवली. उधाणाच्या वेळी आपण रोह्याला, फोन गेटवर. मग सर्व्हरजवळ कोणीतरी हवंच. हे आधी सुचलं नाही याचं तिला वाईट वाटलं. शिकणं तिने सोडलं नाही. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती कोरा सर्व्हर उभारते, बिघडवते, पुन्हा उभारते.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा खांड गेली. काकांचा फोटो बारा वाजून दहा मिनिटांनी वेबसाइटवर पडला, आणि निरोप पोचताच ठरलेल्या माणसांपैकी कान्हू चौघांना घेऊन मातीच्या गोणी टाकायला निघाला. जेवणाच्या सुट्टीत दिपिकाने गेटवरून फोन घेतला तेव्हा बुजवलेल्या खांडीचा फोटोही येऊन पडला होता.